बंदूक, कीबोर्ड आणि काळा ठिपका

नव्वदच्या दशकात नागपुरातल्या घरांत पोचलेला टीव्ही गेम खोलून पाहिला, तर आत फारसं काही सापडत नसे. एक छोटी सर्किटची पट्टी, कॅसेट खोचायची लांब खाच, तीन पायांचा एक रेग्युलेटर, टीव्हीकडे सिग्नल पाठवणारी पत्र्याची डबी, आणि मधोमध वाळलेल्या डांबरासारखा एक काळा ठिपका. चित्र काढणारा, आवाज करणारा, हिशेब ठेवणारा सगळा मेंदू त्या ठिपक्याखाली. सीताबर्डीच्या बाजारातला कितीही हुशार मेकॅनिक असो, तो ठिपका खरवडून आतलं काही दुरुस्त करू शकत नव्हता. त्याचा हात पोचायचा ठिपक्याच्या बाहेर जे जे होतं तिथवर: अडाप्टर, रिमोट, बंदूक, अँटेनाची जोडणी, कॅसेटच्या पिना. व्हिडिओ गेमच्या इतिहासात या जोडवस्तूंना जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो. आपल्या गावात मात्र घरातला खेळ चालणार की माळ्यावर जाणार, हे त्यांनीच ठरवलं. म्हणून त्यांचा इतिहास नीट लिहायला हवा असं मला वाटतं.

त्याची सुरुवात अमेरिकेत होते. घरच्या टीव्हीवर खेळायचं पहिलं यंत्र म्हणजे १९७२ साली विक्रीला आलेलं 'मॅग्नावॉक्स ओडिसी'. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कामातून ते तयार झालं. त्यात प्रोसेसर नव्हता, आवाज नव्हता. पडद्यावर हलायचे ते पांढरे ठिपके आणि एक रेघ. मैदान किंवा भूलभुलैया हवा असेल, तर रंगीत छपाईचं पारदर्शक प्लास्टिक टीव्हीच्या काचेवर चिकटवायचं. आणि या पहिल्याच यंत्रासोबत एक बंदूक वेगळी विकत मिळत होती. म्हणजे मूळ यंत्र आणि वरून घ्यायची वस्तू ही जोडी या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे.

पुढच्या वीस वर्षांत कंपन्यांनी काय काय जोडून पाहिलं! अटारीच्या २६०० या यंत्रात काम करायला मेमरी होती अवघी १२८ बाइट. १९८२ मध्ये 'सुपरचार्जर' नावाची एक लांबट कॅसेट आली. ती खाचेत बसवली, की ६ किलोबाइट मेमरी वाढायची, आणि तिच्यातून निघणारी वायर साध्या टेपरेकॉर्डरला लावून गाण्याच्या कॅसेटसारख्या टेपवरून खेळ भरता यायचा. १९८३ मध्ये 'गेमलाइन' आली, टेलिफोनच्या तारेवरून खेळ उतरवून घेणारी. ती बुडाली, पण तिच्या अवशेषांतून उभी राहिलेली कंपनी पुढे 'अमेरिका ऑनलाइन' म्हणून जगाला माहीत झाली. निन्टेंडोने १९८५ मध्ये 'रॉब' नावाचा यंत्रमानव काढला. त्याच्यासाठी खेळ निघाले दोन, फक्त दोन.

या सगळ्या वस्तूंना एकच दुखणं होतं. वेगळी विकत घ्यायची वस्तू प्रत्येक ग्राहक घेत नाही. थोड्यांकडे असलेल्या वस्तूसाठी खेळ लिहायला कोणी बसत नाही, आणि खेळ नाहीत म्हणून उरलेले ग्राहकही ती घेत नाहीत. निन्टेंडोच्या फॅमिकॉमचं उदाहरण बोलकं आहे. जपानमध्ये हे यंत्र सुमारे १ कोटी ९३ लाख घरांत गेलं. त्याला जोडायचं 'डिस्क सिस्टिम' हे उपकरण १९८६ मध्ये आलं. ५०० येन देऊन दुकानातल्या यंत्रावर त्याच डिस्कवर नवा खेळ लिहून घ्यायचा, अशी सुंदर सोय त्यात होती. तरीही ते विकलं गेलं साधारण ४४ लाख, म्हणजे चार घरांमागे एकाच्याही आत. जोडवस्तूंच्या दुनियेत हे मोठं यश धरलं जातं.

नागपूरच्या गोष्टीचा धागा याच फॅमिकॉममध्ये आहे. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये तो १४,८०० येनांना विक्रीला आला. दोन्ही रिमोट यंत्रालाच कायमचे जोडलेले होते. पुढे काही वेगळं लावायचं झालं तर काय, म्हणून यंत्राच्या तोंडाशी १५ पिनांची एक खाच ठेवली होती. बंदूक आणि कीबोर्ड या खाचेतून जोडले गेले. दुसरी गोष्ट जास्त परिणामकारक ठरली. अमेरिकेत १९८५ मध्ये हेच यंत्र नव्या रूपात गेलं तेव्हा परक्या कॅसेटी अडवणारी कुलपाची चिप त्यात बसवली गेली. मूळ जपानी फॅमिकॉमला असं कुलूप नव्हतं. ६० पिनांची कोणतीही कॅसेट खोचा, ती चालणार. तैवान, हाँगकाँग आणि चीनमधल्या कारखान्यांनी नक्कल केली ती या बिनकुलपाच्या यंत्राची. तैवानच्या यूएमसी कंपनीने त्याच्या दोन मुख्य चिपांच्या प्रती काढल्या, आणि काही वर्षांत त्या दोन्ही एकत्र होऊन एका काळ्या ठिपक्यात मावल्या.

रशियात हे नकली यंत्र 'डेंडी' या नावाने घरोघरी गेलं. आपल्याकडे 'मीडिया', 'सामुराई', 'लिटल मास्टर' अशी नावं खोक्यांवर दिसत. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचा मेगा ड्राइव्ह अधिकृतपणे भारतात आणला, त्याची किंमत १८,००० रुपये होती. आयात शुल्क ८० टक्क्यांच्या घरात असलेल्या त्या काळात सरकारी कारकुनाच्या किंवा शाळामास्तरांच्या घरात तो येणं शक्यच नव्हतं. जे आलं ते नकली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचा पालिका बाजार ही अशा मालाची मोठी ठिकाणं, आणि मुंबई-हावडा व दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. माल यायला अडचण नव्हती.

या नकली यंत्रांनी एक गोष्ट अशी केली जी मूळ कंपन्यांना क्वचित जमली. जपानी मुलाला वेगळे पैसे मोजून घ्यावी लागलेली बंदूक त्यांनी खोक्यातच टाकून दिली. रिमोट उपटता येतील असे केले, ९ पिनांच्या प्लगवर आणले आणि बंदुकीलाही बहुधा तोच प्लग दिला. जी वस्तू यंत्रासोबत घरी येते तीच टिकते. नागपूरच्या पोट्ट्यांनी 'डक हंट' या खेळातली बदकं पाडली ती या व्यवहारामुळे.

ती बंदूक चालते कशी, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्या काळातली इतकी देखणी युक्ती मला दुसरी आठवत नाही. बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीच्या आत उजेड ओळखणारा एक छोटा घटक असतो. घोडा ओढला, की खेळ एका चित्रापुरता सगळा पडदा काळा करतो. पुढच्या चित्रात बदक होतं तिथे पांढरा चौकोन काढतो, बाकी काळंच. दोन बदकं असतील तर चौकोन आळीपाळीने येतात. आपल्या टीव्हीवर एक चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरतं टिकतं, म्हणून डोळ्याला फक्त एक लुकलुक जाणवते. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. अंधार तपासायचं कारण उघड आहे: एरवी कोणीही बंदूक बल्बकडे रोखून बदकं पाडली असती. या सगळ्यात रंगाचा संबंध कुठेच येत नाही. त्यामुळे ज्या घरी लहानसा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता तिथेही नेम तितकाच अचूक लागायचा. शेजारच्या रंगीत टीव्हीवाल्याला या एका बाबतीत काहीही जास्त मिळत नव्हतं.

टीव्हीची जोडणी हा मेकॅनिकचा खरा प्रांत. जपानी टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं येतात, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५०. आवाजाची लहर तिथे चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर असते, इथे ५.५ वर. चुकून जपानी पद्धतीचं यंत्र गळ्यात पडलं, तर चित्र रंगाशिवाय दिसायचं, वरखाली घसरायचं, आणि आवाजाच्या जागी खरखर ऐकू यायची. चित्र घसरणं टीव्हीच्या मागच्या बटणाने थांबवता येई. आवाजासाठी पत्र्याच्या डबीतली कॉइल हलक्या हाताने फिरवून ५.५ वर आणावी लागे. ज्यांना हे जमायचं त्यांनी ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं. कानाने ऐकत ऐकत ते करत. ज्या यंत्रांत पालसाठीच्या चिपा होत्या त्यांवर सगळं सुरळीत दिसायचं, पण खेळाचा वेग चित्रांच्या गतीला बांधलेला असल्याने ६० चे ५० झाले, की मारिओ एक षष्ठांश हळू धावायचा. त्याचं संगीतही त्याच हिशेबाने संथ व्हायचं. एक आख्खी पिढी ती चाल जपानी मुलांपेक्षा विलंबित लयीत ऐकत मोठी झाली आहे, आणि आज मूळ वेगात ती ऐकली की तिला घाई झाल्यासारखी वाटते.

मग आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी कोणी बाहेर सोडत नाही, कूलरच्या खोलीत टीव्हीसमोर बसणं हाच उद्योग. यंत्राला हवे असतात ५ व्होल्ट. अडाप्टर देतो ९, स्वस्तातला असेल तर त्याहून जास्त. वरचे सगळे व्होल्ट तीन पायांचा रेग्युलेटर उष्णता करून टाकतो. म्हणजे ९ पैकी ४ भाग वीज नुसती तापण्यात जाते. खोलीच आधी तापलेली असेल तर रेग्युलेटर एका मर्यादेनंतर स्वतःला बंद करून घेतो आणि थंड झाला की पुन्हा चालू होतो. 'आता गेमला आराम द्या' हा घरातल्या मोठ्यांचा हुकूम शास्त्राला धरून होता! रेग्युलेटरच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळणं, एवढा उपाय पुरायचा. अडाप्टरचं दुसरं संकट त्याच्या पिनेचं. मूळ फॅमिकॉमच्या अडाप्टरमध्ये मधली पिन ऋण असते, बाजारातल्या कितीतरी अडाप्टरांत ती धन. उलटा लावला, की काळा ठिपका कायमचा गेला. एक साधा डायोड जोडला तर हे टळतं.

रिमोटचं गणितही सुरेख आहे. आठ बटणं, पण वायरी पाचच. रिमोटच्या आतला सर्किटचा भाग आठही बटणांची अवस्था एका क्षणी पकडून ठेवतो आणि यंत्र विचारेल तशी एकेक करून एकाच तारेतून पाठवतो. उरलेल्या चार तारांत एक वीज, एक ग्राउंड, एक 'पकड' म्हणणारी, एक 'पुढचं दे' म्हणणारी. मानेजवळ वायर तुटायची ती यांपैकीच. पाच रंग जुळवून डाग दिला, की रिमोट पुन्हा जिवंत. बटणाखालच्या रबरावरचा कार्बन झिजला तर तिथे सिगारेटच्या पाकिटातली चमकी चिकटवत.

कॅसेटच्या बाबतीत जोडवस्तू वेगळ्या रीतीने आत शिरली. परदेशात 'गेम जिनी' नावाचं उपकरण १९९० पासून मिळू लागलं. ते यंत्र आणि कॅसेटच्या मध्ये बसवलं, की जास्त जीव किंवा हवी ती पातळी मिळे. आपल्या कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९९९९ इन १', आणि आत खेळ निघायचे थोडेच. पण यादीतली पुढची नावं सर्वस्वी खोटी नव्हती. तोच 'कॉन्ट्रा' दुसऱ्या पातळीपासून, तोच वेगळ्या बंदुकीने. खेळ सुरू होण्याआधी मेमरीतले दोन-चार आकडे बदलले, की हे साधतं. गेम जिनीसाठी लोक वेगळे पैसे मोजत होते. तशीच युक्ती इथे यादी फुगवायला वापरली गेली.

आणि कीबोर्ड. १९८४ मध्ये निन्टेंडोने हडसन सॉफ्ट आणि शार्पसोबत 'फॅमिली बेसिक' काढलं: कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंगची कॅसेट. मेमरी जेमतेम २ किलोबाइट, प्रोग्रॅम टेपवर साठवायचा. जपानात त्याचं फार काही झालं नाही. चीनच्या सुबोर कंपनीने नव्वदच्या दशकात तीच कल्पना पालकांसाठी मांडली: यंत्र कीबोर्डमध्येच बसवलं, त्याला अभ्यासाचं यंत्र म्हटलं, जाहिरातीत जॅकी चॅनला आणलं. तसली यंत्रं आपल्याकडेही 'टीव्ही कॉम्प्युटर' म्हणून आली. त्यांची ओढ समजण्यासारखी होती. सरकारच्या 'क्लास' योजनेत १९८४ पासून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले होते, पण संगणक पाहिलेली मुलं फार थोडी. एरवी इंग्रजी अक्षरांच्या कळा हाताखाली यायच्या त्या टायपिंगच्या क्लासमध्ये. घरच्या टीव्हीवर स्वतः लिहिलेल्या दोन ओळी पुन्हा पुन्हा उमटताना पाहणं हा लहान अनुभव नव्हे. टेपची सोय नसलेल्या यंत्रावर मात्र लाईन गेली की लिहिलेलं सगळं जायचं, आणि विदर्भात लाईन कधी जाईल याचा नेम नसे.

२००८ साली डेरेक लोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्लेपॉवर' हा प्रकल्प हाती घेतला. भारतातल्या बाजारात सुमारे १२ डॉलरना मिळणारं हेच कीबोर्डवालं यंत्र त्यांनी शिक्षणाचं साधन म्हणून निवडलं आणि त्यासाठी नवे खेळ लिहायला लोक गोळा केले. जे यंत्र आपण नकली म्हणून हिणवलं त्यात त्यांना गरीब घरातला पहिला संगणक दिसला. त्यांचं बरोबर होतं.

आज टीव्हीत खोचायच्या छोट्या कांड्या मिळतात, त्यांत तेच जुने खेळ हजारोंनी भरलेले असतात. बंदूक त्यांच्यासोबत येत नाही. सपाट पडदा चित्र काही क्षण अडवून मग दाखवतो, आणि बंदुकीला उजेड हवा असतो तो अगदी ठरल्या क्षणी. म्हणून जुना काचेचा टीव्ही असल्याशिवाय ती निरुपयोगी आहे, आणि चित्रनळ्या आता बनत नाहीत.

माझी एक साधी मागणी आहे. गांधीसागराजवळचं रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून, म्हणजे नेमकं या यंत्रांच्या काळापासून, नागपूरच्या मुलांना विज्ञान हाताळू देत आलं आहे. तिथे एक टेबल असावं: चालता काचेचा टीव्ही, खोललेलं यंत्र, बंदूक, पाच तारा दिसतील असा उघडा रिमोट. शेजारी उजेड टिपणाऱ्या घटकाचा सिग्नल दाखवणारा छोटा पडदा, म्हणजे घोडा ओढल्यावर अंधार आणि उजेड कसे येतात ते डोळ्यांनी पाहता येईल. व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना हे एका सत्रात उभं करता येईल. चित्रनळी दुरुस्त करणारे, कॉइल कानाने जुळवणारे मेकॅनिक आता साठीच्या आसपास असतील. टेबल मांडताना त्यांना बोलवावं, त्यांच्या हातचं काम चित्रित करून ठेवावं, आणि टीव्ही भंगारात जायच्या आत बाजूला काढावा.