‘नेक्स्ट’ शुक्रवार कोणता ?

कांहीं वर्षांपूर्वीं एका मंगळवारीं आमच्या घरीं एक इंग्रजी पत्र आलें. आमच्या भाचीस पाहण्यासाठीं वरपक्षाकडील मंडळी ‘नेक्स्ट फ्रायडे’स येत आहेत, एवढाच त्यांतील मजकूर होता. ‘नेक्स्ट’ म्हणजे पुढचा, आणि पुढचा शुक्रवार म्हणजे पुढल्या आठवड्यांतला, असा अर्थ आम्हीं सर्वानुमतें लावला. तिसऱ्याच दिवशीं सकाळीं पाहुणे दारांत उभे ! मुलगी आजोळीं गेलेली आणि घरांत रंगकाम निघालेलें. ती सोयरीक जमली नाहीं. त्यास कारण तेवढेंच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या दिवसापासून ह्या शब्दाकडे आम्ही संशयानें पाहूं लागलों.

खुद्द इंग्रजांतहि ह्या बाबतींत एकमत नाहीं. कोणी ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे येता शुक्रवार समजतात, तर कोणी येत्यास ‘धिस’ म्हणून त्यानंतरच्यास ‘नेक्स्ट’ म्हणतात. आपल्या ‘येता’ आणि ‘पुढचा’ ह्यांतील भेदहि तसा ढिलाच. म्हणून पत्रांत वारापुढें तारीख घालावी हें बरें.

ह्या घोटाळ्याचें मूळ मोठें मौजेचें आहे. इंग्रजींत ‘नाय’ म्हणून ‘जवळ’ ह्या अर्थाचा एक जुना शब्द आहे. ‘निअर’ म्हणजे मुळांत त्याहून जवळ, आणि ‘नेक्स्ट’ म्हणजे सर्वांत जवळ. कालांतरानें ‘निअर’ हाच मूळ शब्द समजला जाऊन त्यापासून ‘निअरेस्ट’ हें नवें रूप निघालें. अंतराचें काम त्यानें घेतलें व ‘नेक्स्ट’कडे मुख्यतः क्रम उरला. जर्मन भाषेंत मात्र ‘नेख्स्ट’ हा एकच शब्द अद्याप दोन्ही कामें करतो.

पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकल मळवली सोडून जेमतेम अर्धा मैल पुढें गेली आहे असें समजा. ह्या क्षणीं ‘निअरेस्ट’ स्टेशन मळवलीच. ‘नेक्स्ट’ मात्र लोणावळें. गाडी मागें जात नाहीं, म्हणूनच कीं काय, मनुष्य ह्या दोहोंची गल्लत करतो.

जुना अर्थ एके ठिकाणीं अजून टिकून आहे. इस्पितळाच्या कागदावर ‘नेक्स्ट ऑफ किन’ असा रकाना असतो. तेथें सर्वांत जवळच्या आप्ताचें नांव लिहावयाचें. आमच्या एका वृद्ध आप्तांनीं तेथें शेजाऱ्यांचें नांव घातलें, ‘नेक्स्ट डोअर’चे म्हणून ! शेजारी बिचारे रात्रीं धांवले. परगांवच्या मुलास मात्र दुसऱ्या दिवशीं कळलें. गंमत अशी कीं, ‘नेबर’ ह्या शब्दाच्या पोटांतहि तोच ‘जवळ’ आहे.

‘लास्ट’ आणि ‘लेटेस्ट’ ह्यांचेंहि असेंच. हयात लेखकाच्या नव्या पुस्तकास ‘लेटेस्ट’ म्हणावें. ‘लास्ट’ म्हटल्यास त्याची लेखणी आपणच थांबविल्यासारखें होतें. ‘लॅटर’ हा शब्द दोहोंपैकीं मागाहून सांगितलेल्यापुरताच. नांवें तीन झालीं कीं तो चालत नाहीं.

‘बिसाइड’ म्हणजे शेजारीं आणि ‘बिसाइड्ज’ म्हणजे शिवाय. वडिलांच्या शेजारीं काका बसले होते असें लिहितांना शेवटीं एक अक्षर जादा पडलें, कीं वडिलांखेरीज काकाहि बसले होते असा अर्थ होतो. मग ते दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकास असले तरी चालतें.