युरोपने हापूस का अडवला होता?

२०१४च्या १ मेपासून युरोपीय संघाने भारतीय आंबा घेणं थांबवलं, तेव्हा आपल्याकडे दोन तर्क जोरात होते. एक, औषधांचे अंश जास्त निघाले असणार. दुसरा, हे सगळं राजकारण. खरं कारण होतं फळमाशी. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडवले गेले, कारण तिकडच्या तपासणीत या मालात किडी वारंवार सापडत होत्या.

फळमाशी सालीखाली अंडी घालते. पेटी भरताना फळ वरून देखणंच दिसतं, त्यामुळे ‘आमचा माल एक नंबर होता’ या म्हणण्याला तिथे अर्थ नव्हता. आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ६० मिनिटं ठेवण्याची प्रक्रिया आणि पॅकहाउसमधली तपासणी कडक झाली, आणि जानेवारी २०१५मध्ये आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

निर्यातदार ज्याला नुसतं ‘फायटो’ म्हणतात, त्या प्रमाणपत्राबद्दलही असाच घोळ आहे. ते प्रतीचं किंवा गोडीचं प्रमाणपत्र नव्हे. माल तपासला आणि घेणाऱ्या देशाला नको असलेल्या किडी-रोगांपासून तो मुक्त आढळला, एवढंच ते सांगतं. हे काम पाहणारं केंद्राचं वनस्पती संरक्षण, क्वारंटाइन व साठवण संचालनालय १९४६पासून आहे. त्यामागचा कायदा तर १९१४चा!

परदेशातून बॅगेत आणलेलं रोप किंवा बियाणं विमानतळावर अडवलं की आपल्याला तो कागदी छळ वाटतो. पिठ्या ढेकणाची गोष्ट ऐकल्यावर तसं वाटू नये. पपईवरचा हा ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. २००८मध्ये तो कोइमतूरला आढळला आणि पुढे महाराष्ट्रातल्या पपईवरही पोचला. अंगावर मेणचट पांढरा थर असल्याने फवारा त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. शेतकरी फवारत राहिले, ढेकूण वाढत राहिला. अखेर २०१०मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून त्याच्यावर वाढणाऱ्या इवल्याशा परोपजीवी माश्या आणवल्या, आधी तपासल्या आणि मग बागांत सोडल्या. ढेकूण आटोक्यात आला तो त्या माश्यांमुळे.

म्हणजे ‘सरकारी पीक संरक्षण म्हणजे फवारणीचा सल्ला’ हा समज अर्धाच खरा. २००८मध्ये सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी धुमाकूळ घातला, त्यानंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. सर्वेक्षक प्लॉटमध्ये अळ्या, पतंग मोजतो तेव्हा ‘हे नुसते आकडे भरून जातात’ असं लोक म्हणतात. पण फवारायचं की थांबायचं, हे त्या आकड्यांवरच ठरतं. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले, तर गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं मानतात. त्याआधीच्या फवाऱ्यात पैसाही जातो आणि मित्रकीटकही मरतात. अर्थात सल्ला आठवडाभर उशिरा आला तर त्याचा उपयोग नाही, आणि या व्यवस्थेची दुखरी नस तीच आहे.

तेव्हा सर्वेक्षकाची वाट न पाहता आपल्या शेतात सापळे लावा, पतंग स्वतः मोजा. अनोळखी अळी दिसली तर दुकानदाराआधी कृषी सहायकाला दाखवा.