पत्राच्या तळाची ओळ

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. वाशीमजवळच्या गावाहून बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीला दिल्लीचं बोलावणं आलंय!" माझी भाची कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला होती. गुन्हेगारीशास्त्र तिच्या विशेष आवडीचं. दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयानं महिनाभराच्या इंटर्नशिपसाठी तिची निवड केली होती. बहिणीनं गल्लीत पेढे वाटले.

मी गेलो त्या रात्री दाजी वही घेऊन बसले. रेल्वेचं भाडं, खोली, खानावळ, रोजची बस. बेरीज वीस हजारांवर गेली. पत्राच्या तळाशी एक ओळ होती : विद्यावेतन मिळणार नाही. सोयाबीनचे पैसे मागच्या उधारीत गेलेले, पेरणी तोंडावर आलेली. सकाळी भाचीच मला म्हणाली, "मामा, आईला सांगा, त्याच तारखांना माझी परीक्षा निघाली." मी वकील माणूस, आयुष्यभर साक्षी तपासल्या. ही खोटी साक्ष मात्र मी निमूटपणे पोचवली.

आता कुणी म्हणेल, नाही गेली तर काय बिघडलं? पण इंटर्नशिप ही हौस नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. सक्ती सर्वांना सारखी, खर्च मात्र ज्याचा त्यानं पाहायचा. ज्याचे काका दिल्लीत राहतात, त्याला मंत्रालयाची फाईल पाहायला मिळते. बाकीच्यांनी जवळचं कोर्ट गाठायचं.

सगळीकडे असंच आहे, असंही नाही. परराष्ट्र मंत्रालय इंटर्नला महिना १०,००० रुपये मानधन देतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगही विद्यावेतन देतो. नीती आयोगाची इंटर्नशिप मात्र बिनपगारी आहे. म्हणजे सरकारला हे जमतच नाही असं नव्हे. कार्यालयागणिक रीत वेगळी, एवढंच.

भाचीनं ते चार आठवडे आमच्याच जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांबरोबर काढले. तुरुंगात एक तरुण कैदी भेटला. त्याला जामीन मंजूर होऊन दोन महिने झाले होते, पण जामिनाची रक्कम भरायला कुणी नव्हतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मामा, त्याच्या हातात कागद आहे, पण बाहेर पडता येत नाही. माझ्याही हातात कागद होता, पण आत जाता आलं नाही."

मी गप्प राहिलो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला निकाली न निघालेले. पैशाअभावी अडकलेल्या अशा गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारनं २०२३ मध्ये योजना आणली. सुरुवातीला कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत तिच्यात मिळू शकत होती. नुसता हुकूम हातात देऊन भागत नाही, तो वापरण्याची ऐपतही लागते, हे सरकारनं इथं मान्य केलं. मग तेच शहाणपण विद्यार्थ्यांच्या बाबतीत का नको? कच्च्या कैद्याचं घर जिनं आतून पाहिलंय, अशी मुलगी उद्या कायदे करणाऱ्यांच्या टेबलाशी बसायला हवी. महिनाभराच्या खोलीभाड्यापायी तिला दाराबाहेर ठेवणं सरकारलाच महाग पडेल.

यंदा भाचीनं पुन्हा अर्ज भरलाय. पत्र आलं की आधी तळाची ओळ वाचायची, असं घरात ठरलंय. बहीण पेढ्यांचं नाव काढत नाही. त्या परीक्षेबद्दल तिनं मला कधीच विचारलं नाही. बहुधा तिला तेव्हाच सगळं कळलं होतं.