उंची वाढवणाऱ्या पावडरचा डबा

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या खाप्यात कुठल्याही औषधाच्या दुकानात पूरक आहाराचा डबा हातात घेऊन मागची बाजू बघा. पुढं ‘उंची वाढवा’ असं कितीही ठळक असो, ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापणं कंपनीला नियमानं भागच आहे.

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांतून. मुलींत साधारण १४-१५व्या, मुलांत १६-१७व्या वर्षी त्यांचं हाड होतं. मग कुठलीच पावडर उंची वाढवत नाही. वाढत्या लेकरांना प्रथिनं हवीतच. ती फुटाण्यांत, अंड्यांत, तुरीच्या वरणातही आहेत, आणि कितीतरी स्वस्तात.

उंची वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. तोच दावा ‘अन्न’ म्हणून विकणं ही मला आईबापांच्या काळजीची लूट वाटते. अशी जाहिरात दिसली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार करा. डब्याचा फोटो जोडा.