लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूची पहिली बाद फेरी

राहात्यात शाळा सुटल्यावर मैदानात रेंगाळणारी पोरं हातात बास्केटबॉल आला की आधी कंसाबाहेर जाऊन उभी राहतात. तिथून बास्केट झाली तर तीन गुण मिळतात, आणि ते मिळवण्याची हौस प्रत्येकालाच असते. तीन गुणांचा हा नियम 1961 मध्ये अमेरिकेतल्या एका अल्पजीवी लीगने आणला. त्याला लोकप्रिय केलं ते अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनने, म्हणजे एबीएने. तीही 1976 मध्ये संपली. पण 1968 च्या वसंतात झालेली तिची पहिली बाद फेरी अशी रंगली की तिची गोष्ट मराठीत सांगायलाच हवी.

एबीए 1967 मध्ये 11 संघांनिशी उभी राहिली. समोर एनबीएसारखी मातब्बर लीग होती. पहिले आयुक्त जॉर्ज मायकन हे स्वतः एनबीएचे जुने दिग्गज. जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या मायकन यांनी लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूचा आग्रह धरला, कारण तपकिरी चेंडू लांबून नीट दिसत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. लोक हसले. पण तो फिरणारा रंगीत चेंडू लहान मुलांना फार आवडला.

पूर्व आणि पश्चिम विभागांतून प्रत्येकी चार संघ बाद फेरीत जायचे होते. पूर्वेत चौथ्या जागेसाठी केंटकी कर्नल्स आणि न्यू जर्सी अमेरिकन्स बरोबरीत सुटले, दोघांचेही 36 विजय, 42 पराभव. निकाल एका जादा सामन्यावर आला. सामना न्यू जर्सीच्या घरी व्हायचा, पण त्यांच्या टीनेकच्या हॉलमध्ये नेमकी सर्कस उतरलेली. धावाधाव करून लाँग आयलंडवरच्या कमॅक इथलं आइस हॉकीचं सभागृह मिळवलं. खेळाडू पोचले तर बर्फावर अंथरलेल्या लाकडी फळ्यांना ओल सुटलेली, काही ठिकाणी फळ्यांत फटी, कुठे बोल्टच गायब. आपल्याकडे शिर्डीच्या रामनवमीच्या हगाम्यात आखाड्याची माती चाळून, भुसभुशीत करूनच पैलवान उतरवतात. तिथे धावत्या माणसाचा गुडघा मोडेल अशी जमीन होती. केंटकीने खेळायला नकार दिला. मायकन यांनी सामना केंटकीला बहाल केला आणि नोंद झाली 2-0. माझ्या मते निर्णय योग्यच होता. नवी लीग आहे, प्रेक्षक जातील, या भीतीने खेळाडूंना त्या फळ्यांवर पळवलं असतं तर ते पाप ठरलं असतं. गंमत म्हणजे पुढच्या मोसमात न्यू यॉर्क नेट्स हे नवं नाव घेऊन न्यू जर्सीचा तोच संघ त्याच कमॅकच्या सभागृहात बिऱ्हाड करून राहिला.

केंटकीला पुढे मिनेसोटा मस्कीजने 3-2 असं हरवलं. आणि मिनेसोटाला 4-1 असं गारद केलं पिट्सबर्ग पायपर्सने. या फेरीचा खरा नायक पायपर्सकडे होता.

कॉनी हॉकिन्स. ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतला, लांब हातांचा, पंजात चेंडू लिंबासारखा धरणारा पोरगा. 1961 मध्ये तो आयोवा विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना सामने ठरवून खेळवण्याचं प्रकरण उघडकीस आलं. त्या टोळीतल्या एकाकडून त्याने 200 डॉलर उसने घेतले होते, तेही भावाने फेडले होते. त्याच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही, तरी विद्यापीठ सुटलं आणि एनबीएने दार बंद केलं. मधली बरीचशी वर्षं त्याने हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर करमणुकीचे सामने खेळत काढली. एबीए आली तेव्हा तो पंचविशीत होता. त्या मोसमात त्याने सामन्यागणिक सरासरी 26.8 गुण काढले.

अंतिम फेरीत समोर होते न्यू ऑर्लीन्स बकनियर्स. प्रशिक्षक बेब मकार्थी, खेळाडूंत लॅरी ब्राउन आणि डग मो; हे दोघे पुढे नावाजलेले प्रशिक्षक झाले. सात सामन्यांच्या मालिकेत पाचव्या सामन्याअखेर बकनियर्स 3-2 असे पुढे होते. पायपर्सनी न्यू ऑर्लीन्सला जाऊन सहावा सामना काढला आणि 4 मे 1968 ला पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनात, अकरा हजारांहून जास्त लोकांसमोर, सातवा 122-113 असा जिंकला. हॉकिन्स सर्वोत्तम खेळाडू ठरला.

एवढं होऊनही पैशाचं गणित बसेना. विजेता संघच पिट्सबर्ग सोडून मिनेसोटाला गेला आणि मिनेसोटाचा संघ मायामीला. दार बंद केल्याबद्दल हॉकिन्सने एनबीएवर केलेला दावा मात्र 1969 मध्ये तडजोडीने मिटला, तो फिनिक्स सन्सकडून उतरला आणि 1992 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. एबीए संपताना पेसर्स, नेट्स, नगेट्स आणि स्पर्स हे चार संघ एनबीएने घेतले. तीन गुणांचा नियम एनबीएने 1979 मध्ये स्वीकारला.

आपल्याकडेही 2015 मध्ये यूबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली होती. तीत मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज असे दोन मराठी मुलखातले संघ होते. चार मोसम झाले आणि 2017 नंतर ती थांबली. एबीएच्या खेळाडूंना गाठून टेरी प्लूटो यांनी त्यांच्या तोंडच्या आठवणींचं 'लूज बॉल्स' हे पुस्तक 1990 मध्ये काढलं. तसं काम आपल्या लीगबद्दल कुणीतरी मनावर घ्यावं. मुंबई-पुण्याच्या त्या संघांकडून खेळलेली मंडळी अजून तरुण आहेत, त्यांना आत्ताच भेटून विचारायला हवं.