शाळा बंद, रोज बुडाला

14 ते 20 मार्च 2023 या काळात जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर होते. अशा संपाचा हिशेब बुडालेल्या तासांवर थांबतो. तो आईवडिलांच्या रोजापर्यंत न्यायला हवा. भंडारदऱ्याभोवतीच्या आदिवासी वाड्यांत जिल्हा परिषदेची शाळा लेकरांना दुपारी जेवू घालते, दिवसभर सांभाळतेही. नोकरदार अशा वेळी रजा टाकतो. मजुरीवर किंवा पर्यटकांच्या हॉटेलात राबणाऱ्या बाईचा मात्र सरळ खाडा होतो, आणि तिच्या वाटचं काम सोबतच्या बाया ओढतात. घरी आजी-आजोबा असतातच, असं कुणी म्हणेल. पण इथले म्हातारेही गुरांमागे रानात असतात. मग थोरल्या बहिणीवर धाकट्यांची जबाबदारी येते.

म्हणून शिक्षकांनी संपच करू नये, असं नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नेमणूक झालेल्यांची ती मागणी म्हातारपणाच्या भाकरीची होती, आणि पेन्शन कधीच न मिळणाऱ्या मजुराला ती चांगली कळते. संपकाळात पोषण आहार आणि शाळेची एक उघडी खोली शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवावी. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात. यात शिकवणं नाही, त्यामुळे संपाची धारही बोथट होत नाही.