फळीचें टोंक

आमचा जुना वाडा पाडण्याचें ठरलें तेव्हां घरांतील भांडीं, कपाटें, ट्रंका यांची वांटणी एका दुपारींच उरकली; अडलें तें एका झोपाळ्यावर. माजघरांतला हा झोपाळा सागवानी, सहा फूट लांबीचा, दहा दहा इंच रुंदीच्या दोन फळ्या जोडून केलेला. आमच्या चार पिढ्यांचीं मुलें त्यावर निजलीं, परवचा म्हणालीं आणि पडून रडलीं. आम्हां चौघां चुलतभावांपैकीं प्रत्येकाला तो हवा होता आणि टांगण्याइतकी जागा मात्र एकाच्याही नव्या घरांत नव्हती. शेवटीं काकूंनींच निकाल दिला. त्या म्हणाल्या, "झोपाळा कोणालाच नको. त्याचे चार पाट करा. प्रत्येकाच्या घरीं गणपति त्याच्यावर बसूं दे." सर्वांत थोरला आणि पेन्शन घेऊन रिकामा असलेला, म्हणून काम माझ्याकडे आलें.

फळी खालीं काढून पाहतों तों दोहोंपैकीं एक भुंग्यानें पोखरलेली निघाली. दुसरी शाबूत होती. पण कड्यांचीं भोकें दोन्ही टोंकांकडे, त्यामुळें चार चार इंच तिकडून गेले. उरले चौसष्ट इंच. चार पाट म्हणजे सोळा सोळा इंच, त्यांतून करवतीच्या तीन छेदांत जाणारा भुसा वजा. आठ टोंकें साफ करावयाचीं आणि चुकल्यास बदली फळी नाहीं! नवें सागवान बाजारांत मिळतें हें खरें. पण काकूंना तें चाललें नसतें आणि मलाही नाहीं.

मीं चारही तुकडे काळजीपूर्वक कापले. करवतीनें कापलेलें टोंक कितीही जपलें तरी खरखरीत आणि किंचित् वांकडें राहतेंच. तें गुळगुळीत करावें म्हणून पहिला तुकडा उभा धरून मीं त्याच्या टोंकावर रंधा मारला. रंधा अडखळला, मी जोर केला आणि पलीकडच्या कडेची पाव इंच लांकडाची चकती ताडकन् उडाली. त्या एका आवाजासरशी चारही पाटांची लांबी कमी झाली. चारही सारखे हवे होते ना!

दुसऱ्या दिवशीं तो तुकडा घेऊन मी होटगीला गेलों. सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पंधरा किलोमीटरांवर होटगी जंक्शन आहे. येथून विजापूर-गदगकडे फांटा फुटतो. १८८० च्या दशकांत सदर्न मराठा रेल्वेनें हा फांटा टाकला तो मीटर गेजचा, आणि मुंबई-मद्रासची मुख्य वाट साडेपांच फूट रुंदीची. त्यामुळें शंभरांहून अधिक वर्षें होटगीला गाडी बदलावी लागे आणि मालही एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत उतरावा लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फांट्याची वाट रुंद झाली आणि हा खटाटोप संपला. माझ्या ओळखीचे एक वृद्ध सुतार येथें राहतात. त्यांना सारे आप्पा म्हणतात. त्यांचे वडील स्टेशनांत फुटणाऱ्या खोक्यांच्या देवदारी फळ्या विकत घेऊन त्यांचीं स्टुलें करीत. आप्पा घरांत कानडी बोलतात, गिऱ्हाइकाशीं मराठी, आणि लांकडाशीं बहुधा मुकाट्यानें.

आप्पांनीं तुकडा हातांत घेतला, तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, उसाची मोळी कोयत्यानें तोडतांना पलीकडून धरायला माणूस नसला तर शेवटचा ऊस सोलूनच निघतो कीं नाहीं?"

एवढ्यांत सगळें आलें. लांकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक नळ्यांची मोळी. फळीच्या लांबीवर रंधा चालतो तेव्हां तो या नळ्या सोलीत जातो. तें सोपें आहे. टोंकावर मात्र प्रत्येक नळी आडवी छाटावी लागते. बोथट पातें छाटीत नाहीं, नळ्यांना वांकवून ढकलतें. मधल्या नळ्यांना मागून दुसऱ्या नळ्यांचा आधार असतो. शेवटच्या रांगेच्या मागें मोकळी हवा असते, म्हणून ती रांग फुटते. माझें दोन्हीकडून चुकलें होतें. पातें बोथट होतें आणि पलीकडे आधार नव्हता.

आप्पांनीं कोनाड्यांतून एक काळपट फळकूट काढलें. इंग्रजी सुतार याला शूटिंग बोर्ड म्हणतात. त्या नांवांत गोळीबार मुळींच नाहीं. फळीची कड रंध्यानें अगदीं सरळ करणें याला जुन्या इंग्रज कारागिरांनीं 'शूट' हा शब्द योजिला आहे. आप्पा त्याला नुसती 'बैठक' म्हणतात आणि मलाही तेंच नांव अधिक आवडतें. अमेरिकेंतील स्टॅन्ली कंपनीनें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ओतीव लोखंडाची अशी बैठक आणि तिच्यासाठीं खास तिरप्या पात्याचा जड रंधा विकावयास ठेविला होता. आतां त्या जोडीला संग्राहक मोठ्या किंमती देतात. आपणांस त्याची गरज नाहीं. दोन फळ्या व एक पट्टी असली कीं बैठक दोन तासांत होते.

खालची फळी चोवीस इंच लांब व पंधरा इंच रुंद घ्यावी. तिच्यावर तितक्याच लांबीची, पण बारा इंच रुंदीची दुसरी फळी एका कडेला जुळवून बसवावी. म्हणजे दुसऱ्या बाजूस खालच्या फळीचा तीन इंचांचा पट्टा उघडा राहतो. ही रंध्याची वाट. रंधा तळावर न ठेवतां त्याच्या कुशीवर आडवा करून या वाटेवरून पुढें सारावयाचा. वरच्या फळीच्या पलीकडच्या शेवटाला एक जाड आडपट्टी वाटेशीं बरोबर काटकोनांत पक्की करावी. पाटाची लांब कड या आडपट्टीला टेकवावी, टोंक वाटेवर केसभर पुढें आणावें आणि रंधा चालवावा. पात्याला लांकूड लागतें तें आडपट्टीच्या आधारानें, म्हणून ती शेवटची रांग फुटत नाहीं. आडपट्टी हीच त्या मोळीला पलीकडून धरणारा माणूस.

येथें कोणीही हुशार मुलगा विचारील कीं, कुशीवर धरलेला रंधा वरच्या फळीची कडच खाऊन टाकणार नाहीं काय? खातो, पण पहिल्या कांहीं वेळांच. पातें रंध्याच्या तळाच्या दोन्ही कडांपर्यंत पोहोंचत नाहीं. कडेला तळाची एक अरुंद पट्टी कोरी राहते. त्यामुळें वरच्या फळीच्या कडेचा तळाकडील भाग न कापतां तसाच राहतो आणि त्याच्या वर एक बारीक खांच पडते. खांच पात्याइतकी खोल झाली कीं कोरी पट्टी त्या न कापलेल्या भागावर टेकते आणि रंधा आपोआप थांबतो. पुढें तो फक्त वाटेवर आलेलें टोंकच कापतो. वापरानेंच बैठक आपल्या रंध्याशीं जुळते ही गोष्ट मला फार मनोहर वाटली.

सगळी भिस्त त्या आडपट्टीच्या काटकोनावर. गुण्या लावून ती बसवावी हें खरें. पण गुण्या तरी खरा आहे कशावरून? त्याची परीक्षा अशी: एका सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी ओढावी. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फांकल्या तर जी फट दिसते ती खऱ्या चुकीच्या दुप्पट. बैठकीचीही परीक्षा याच तत्त्वावर होते. दोन टाकाऊ तुकड्यांचीं टोंकें बैठकीवर साफ करावीं, एक तुकडा पालथा करावा, दोघांच्या आडपट्टीला टेकलेल्या कडा एकाच सरळ पट्टीला लावून टोंकांस टोंक भिडवावें. उजेड दिसला तर आडपट्टी चुकली. ती पुन्हां उखडण्याची गरज नाहीं. आप्पा पाट व आडपट्टी यांच्यामध्यें एका बाजूस जुन्या पोस्टकार्डाची चिरफळी सरकवतात. शाळेंत मीं भूमिति तीस वर्षें शिकविली, पण चूक दुप्पट करून पाहण्याची ही युक्ति मुलांना एकदांही हातानें करून दाखविली नाहीं.

आतां पात्याविषयीं. साध्या लोखंडी रंध्याचें पातें तळाशीं पंचेचाळीस अंशांत असतें आणि बैठकीवर तें चांगलें चालतें. टोंकाच्या कामासाठीं मुद्दाम केलेले रंधे निराळे असतात. त्यांत पातें बारा अंशांवर निजवून धारेचा उतार वरच्या बाजूस ठेवतात. उतार पंचवीस अंशांचा धरला तर लांकडाला सदतीस अंशांचा कोन लागतो आणि तंतु अधिक सहज छाटले जातात. परंतु कोनापेक्षां धार मोठी. सागवानांत वाळूसारखें सिलिका असतें, त्यामुळें धार लवकर जाते. चार पाटांच्या आठ टोंकांना मीं सहा वेळां निसण्याकडे गेलों. धार खरी आहे कीं नाहीं हें टोंकच सांगतें. बोथट पात्याखालून भुगा पडतो, चांगल्या पात्याखालून टोंकाचीही अखंड पातळ ढलपी निघते. आणि छाटलेलें टोंक पांढुरकें न दिसतां शिसवीसारखें काळसर, चकचकीत दिसतें.

रंधा जड असावा. आपला लांकडी रंधाही चालतो, मात्र त्याची कूस तळाशीं काटकोनांत आहे हें आधीं पाहून घ्यावें. वाटेवर मेणबत्ती घासावी. एका खेपेस घ्यावयाचें तें कागदाइतकें. अधिक घेण्याचा मोह झाला कीं मोळीची गोष्ट आठवावी. शिवाय आडपट्टीकडील कड आधींच किंचित् उतरती करून ठेवावी, म्हणजे आधार कमी पडला तरी तुटायला तेथें लांकूडच उरत नाहीं. पाश्चात्त्य सुतार हें सारें उंच बाकावर उभ्यानें करतो. आप्पा जमिनीवर बसतात, बैठक भिंतीला लावतात, पाटाला पायाच्या टांचेनें दाबून धरतात आणि दोन्ही हातांनीं रंधा चालवितात. माझ्या गुडघ्यांना तें मानवलें नाहीं. मीं स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलें आणि सूनबाईंची बोलणीं खाल्लीं.

रंधा कांहीं नवा नाहीं. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपी शहरांत लोखंडी तळाचे रंधे सांपडले आहेत. आज विजेच्या फिरत्या करवतीनें टोंक पांच मिनिटांत काटकोनांत येतें, आणि चांगलें यंत्र व चांगला माणूस असला तर तें उत्तम येतें. आप्पांचा मुलगाही यंत्रच वापरतो आणि त्याचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. पण त्या करवतीचें पातें प्रत्येक वेळीं स्वतःच्या जाडीइतकें लांकूड नेतें. माझ्यापाशीं द्यावयाला लांकूड उरलें नव्हतें.

घरांत दहा-बारा वर्षांचीं मुलें असतील तर त्यांना बैठकीवर अवश्य बसवावें, असें मला वाटतें. पातें लांकडाच्या आड असतें, दोन्ही हात रंध्यावर असतात, आणि चुकलें तर कागदभरच चुकतें. स्वीडनमधील नेस येथें ऑटो सालोमन यांनीं १८७० नंतरच्या दशकांत शिक्षकांना लांकूडकाम शिकविलें तें सुतार घडविण्यासाठीं नव्हे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योगांत सुतारकामाला स्थान मिळालें तेंही केवळ धंद्यासाठीं नव्हे. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतून मात्र हातोड्याला हात लावणें हें नोकर न परवडण्याचें लक्षण समजलें गेलें. माझ्या वडिलांनीं खिळा ठोकण्यासाठींही माणूस बोलाविला. त्यांत त्यांचा दोष नाहीं, पण मीही तेंच केलें हें कबूल केलें पाहिजे. माझ्या नातीनें पहिल्याच दुपारीं चार टाकाऊ तुकड्यांचीं टोंकें जुळवून दाखविलीं. उजेड दिसला नाहीं. नातवानें ढलप्या गोळा केल्या.

पाटांना खालून दोन दोन पट्ट्या मारल्या, पण सरस लावून चिकटविल्या नाहींत. लांकूड लांबीत जवळजवळ बदलत नाहीं, रुंदींत मात्र ऋतूबरोबर हलतें. सोलापुरच्या वैशाखांत तें आकसतें आणि श्रावणांत फुगतें. दोन्ही बाजूंनीं घट्ट जखडलें तर मधोमध तडकतें. म्हणून कडेच्या स्क्रूंचीं भोकें लांबट ठेविलीं. शेवटीं जवसाचें तेल दिलें. नळ्यांचीं तोंडें उघडीं असल्यामुळें टोंकें तेल अधिक पितात आणि काळीं पडतात. त्यांना आधीं बारीक काचकागदानें अधिक घासलें असतां हा फरक पुष्कळ कमी होतो. हें मला तिसऱ्या पाटावर कळलें. त्यामुळें दोन पाटांचीं टोंकें काळीं आणि दोहोंचीं तांबूस आहेत.

चारही साडेपंधरा इंचांचे झाले. एकावर एक ठेवून मी आप्पांकडे नेले. त्यांनीं चारही टोंकांवरून एकदम तळहात फिरवला, वरचा काढून खालीं ठेवला, पुन्हां फिरवला. मग म्हणाले, "तिसरा जरा भरला आहे." मीं गुण्या लावला, पट्टी लावली, मला कांहीं दिसलें नाहीं. घरीं येऊन बैठकीवर तिसऱ्या पाटाचें टोंक धरून एकदांच रंधा सारला. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड ढलपी निघाली. काळें टोंक होतें तेथें आतां पुन्हां तेल द्यावें लागलें.

धाकट्या भावाचा पाट हुबळीला गेला, मधल्याचा पुण्यास, तिसऱ्याचा सोलापुरांतच आहे. माझा काकूंच्या खोलींत आहे; त्या म्हणाल्या, गणपति येईपर्यंत मीच बसतें.